कुंदाला विचारलेला प्रश्न

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आजही लिहायला बसले आणि दोनदा उठून चहा ठेवून आले — प्यायले मात्र नाही. काय करणार? हात स्वस्थ बसत नाहीत.

माझी धाकटी बहीण कुंदा जन्मापासून बहिरी. नागपुरात सक्करदऱ्याला आमचं दोन खोल्यांचं घर, बाबा गिरणीत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले देव गेले आणि त्या फळीवर बाबांनी पुस्तकं मांडली. पोरींनी शिकायचं, हे ठरलेलंच. पण कुंदाशी बोलणार कोण? आई तिला हाताला धरून कामाला लावायची. बाबा नुसते हसायचे, डोक्यावरून हात फिरवायचे. तिच्याशी खुणांनी भरभर बोलणारी मी एकटी. त्या खुणा आम्ही दोघींनीच खेळता खेळता बनवलेल्या. त्यामुळे माझा भाव काय वधारला होता! पाहुण्यांना कुंदाचं म्हणणं मी सांगायची आणि कौतुक माझं व्हायचं. गणितात नापास होणारी मी — एरवी माझं कौतुक कोण करणार होतं?

जेवताना सगळे हसले की कुंदा माझी बाही ओढायची — काय झालं? मी हात झटकायची. काही नाही. किती वेळा केलं असेल असं? पण मुद्दा तो नाही. मी पुन्हा टाळतेय.

मी चौदाची होते, कुंदा नऊची. धंतोलीच्या एका डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की नागपुरातच मूकबधिर मुलांची शाळा आहे, तिथे ही लिहायला-वाचायला शिकेल. बाबा इतके खूश, की सायकलला कुलूपही न लावता आत आले. पण त्यांचा एक नियम होता. त्यांना स्वतःला लहानपणी कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून आम्हाला विचारल्याशिवाय ते काही ठरवत नसत.

"विचार वं तिले," ते मला म्हणाले. "शाळेत जाशीन काय म्हणा. तिची मर्जी नसन, तर मी जबरदस्ती नाही करत."

कुंदा समोर शेंगा सोलत बसली होती. शाळेची खूण आमच्याकडे होती — खांद्यावरचं दप्तर. ती केली असती तर पोरगी नाचली असती. माझं दप्तर ती रोज गळ्यात घालून पाहायची. मला माहीत होतं हे. आणि हेही माहीत होतं, की ती लिहायला शिकली की पाटीवर बाबांशी थेट बोलेल. मग मला कोण विचारणार?

मी दप्तराची खूण केली नाही. मी विचारलं — आईला सोडून जाशील? एकटी? कायमची?

कुंदानं घाबरून जोरजोरात मान हलवली. बाबांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. "भेली पोरगी," ते म्हणाले, "जाऊ दे." पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारायला सांगितलं. मी पुन्हा तेच केलं.

मग शेजारची छोटी शाळेत जाऊ लागली, आणि कुंदानं दप्तराची खूण करून मला विचारलं — मी का नाही? मी काय सांगितलं? बाबा म्हणतात, तुझं डोकं चालत नाही.

तिनं ते लगेच मानलं. भांडली नाही, रडलीसुद्धा नाही. नंतर भाजीत मीठ जास्त पडलं, कप फुटला, की ती स्वतःच्या कपाळावर बोटं आपटून दाखवायची — मला डोकंच नाही. घरचे हसायचे. पाहुणे आले की ती मागच्या दारी जाऊन बसू लागली. मी बघत होते. मला लाज वाटायची.

बाबा मागच्या वर्षी गेले. त्याआधी एका दुपारी खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी कुंदाचा हात धरला आणि मला म्हणाले, "सांग तिले. तू हुशार आहे म्हणा. मीच कमी पडलो, तुह्याशी बोलाले शिकलो नाही."

कुंदा माझ्या हातांकडे पाहत होती. हे सांगितलं असतं तर आधीचं सगळं उघडं पडलं असतं. मी खूण केली — बाबांना पाणी हवंय.

ती धावत गेली, पाणी आणलं. बाबा प्यायले आणि तिच्याकडे पाहून हसले. त्यांना वाटलं, तिला कळलं.

कुंदा आता माझ्याकडेच असते. आत्ता पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालतेय. तिला मी हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं — कारण तुम्हाला तिच्या खुणा येत नाहीत.