दहीभाताला न शिवणारे पाहुणे

बंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या त्या गल्लीत भागीरथीबाईंच्या फाटकाला हात लावण्याआधी लोक बाहेरूनच हाक मारत. लहानथोरांच्या त्या अक्का. नवरा गेल्यापासून एकट्या राहत, आणि शिस्त अशी की दूधवाल्याने पिशवी वाकडी ठेवली तरी त्याला परत बोलावून ती सरळ ठेवायला लावत.

सर्जापूर रोडला राहणारा त्यांचा पुतण्या अभिराज कंपनीच्या कामासाठी परदेशी निघाला, तेव्हा त्याने आपली कुत्री मिठी त्यांच्याकडे आणून सोडली.

"काकू, प्लीज. अगदी शांत आहे ती, ॲडजस्ट करेल."

"सरी, ठीक आहे. पण पायरीच्या आत येणार नाही," अक्कांनी बजावलं.

महिना संपायच्या आत मिठी स्वयंपाकघराच्या दारात पसरू लागली आणि अक्का तिला ओलांडून ये-जा करू लागल्या.

मग एका सकाळी फाटकाबाहेर चार-पाच कुत्रे बसलेले दिसले. दुसऱ्या दिवशी दुप्पट. त्यांत गळ्यात पट्टा असलेला एक थोराड लॅब्रॅडॉरही होता. त्याचा मालक त्याला शोधत शोधत थेट राजाजीनगरहून स्कूटरवर आला आणि ओढून घेऊन गेला. अक्कांना वाटलं, बिचारे भुकेले असतील. त्यांनी पातेलंभर दहीभात कालवून बाहेर ठेवला. एकानेही तोंड लावलं नाही.

शेजारचे व्यंकटेश कुंपणापलीकडून हे बघत होते. त्यांचं कपड्यांचं दुकान होतं. नारळाच्या झावळ्या कुणाच्या अंगणात पडतात यावरून झालेल्या भांडणानंतर दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. पण आता त्यांना राहवेना.

"अक्का, ते दहीभातासाठी नाही आले."

"मग कशासाठी?"

व्यंकटेश फाटकाच्या कडीकडे बघत म्हणाले, "मिठीचे... ते दिवस आहेत. तिचा वास येतो त्यांना. दुरून येतो."

अक्कांचे कान लाल झाले. "असं होय," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

त्यांनी पायऱ्या फिनाईलने धुतल्या, दारात धूप जाळला, कापूर ठेवला. उपयोग शून्य. मिठी जिथे बसून उठली असेल ती जागा कुत्रे पुनःपुन्हा चाटत, मान वर करून गप्प उभे राहत आणि त्यांचे दात कटकट वाजत. व्यंकटेशांनी आपल्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टर मेघाश्री यांना फोन लावून दिला.

"त्यांच्या टाळूच्या वर जणू आणखी एक छोटं नाकच असतं," मेघाश्री म्हणाल्या. "या वासापुढे त्यांना भूक सुचत नाही. रागावू नका त्यांच्यावर. मिठीला मात्र अजिबात बाहेर सोडू नका."

त्यानंतर अक्कांचं कुत्र्यांवर ओरडणं थांबलं. एका तांबूस, हाडं वर आलेल्या कुत्र्याकडे त्यांचं सारखं लक्ष जाई. "खा रे बाबा, स्वल्प तरी खा," म्हणून त्या फाटकाच्या फटीतून ताटली सरकवत. तो ताटलीवरून पाय टाकून दाराकडे बघत बसे.

पण मिठीचंही मन घरात कुठे होतं? मोलकरणीने दार जरा उघडं ठेवलं आणि ती सुसाट बाहेर पळाली. गल्लीत एकच कल्लोळ उठला. अक्का अनवाणी, हातात छत्री घेऊन, त्या घोळक्यात घुसल्या. "हट! लाज नाही वाटत?" व्यंकटेश बागेचा पाइप घेऊन धावले, पाण्याच्या फवाऱ्यात कुत्रे आणि अक्का सारख्याच भिजल्या. अक्कांनी मिठीला पोटाशी धरून उचललं ते सोफ्यावरच आणून टाकलं.

ओल्या लुगड्यानिशी त्या हसत सुटल्या. व्यंकटेशही. त्या दिवशी बऱ्याच काळानंतर त्यांनी अक्कांच्या हातची कॉफी घेतली. झावळ्यांचा विषय कुणीच काढला नाही.

पुढे एका सकाळी फाटकाबाहेर कुणीच नव्हतं. जमले तसे पांगलेही. मिठी काही घडलंच नाही अशा थाटात उन्हात लोळत होती. अक्का मात्र ताटली हातात घेऊन उभ्या राहिल्या; एवढी मोकळी गल्ली त्यांना बघवेना.

"तो तांबूस दिसला का हो कुठे?" त्यांनी व्यंकटेशांना विचारलं.

"मार्केटमागे, केळीवाल्याच्या गाडीखाली असतो."

अक्का डबा घेऊन तिकडे गेल्या. कुत्र्याने आधी त्यांच्या लुगड्याचा काठ हुंगला, बराच वेळ, अगदी मन लावून. त्या हलल्या नाहीत. मग त्याने डब्यात तोंड घातलं आणि तळ दिसेपर्यंत दहीभात चाटूनपुसून खाल्ला.

"उद्या येते हं," त्या त्याला म्हणाल्या, आणि केळीवाल्याने सरकवलेल्या स्टुलावर टेकून त्याच्याशी गप्पा मारत बसल्या.