शार्कच्या सिनेमात उचललेला पाय

खरं सांगते, भुताखेतांच्या अनुभवांचा हा कॉलम मी जेवताना वाचते... हसायला. अमावास्या, पिंपळ, मागून येणारा पैंजणांचा आवाज वगैरे. आमच्या घरात असलं कुणी मानत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर देवालाही दोन प्रश्न विचारूनच हात जोडले. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नाही, म्हणून लिहिते.

आम्ही बुऱ्हाणपूरला राजपुऱ्यात राहतो. समुद्र आमच्यापासून कोसो दूर. तरी शार्कच्या त्या जुन्या गाजलेल्या सिनेमाचं आमच्याकडे फार कौतुक, कारण नाना आणि आईनं लग्नानंतर जोडीनं पाहिलेला तो पहिला सिनेमा. शार्क आला तशी आईनं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले, ते सिनेमा संपेपर्यंत खाली ठेवलेच नाहीत. नानांना चिडवायला तेवढं पुरलं. घरात कुठं पाणी सांडलं की लगेच, "पाय वर घे गं, आला बघ."

दोन वर्षांपूर्वी नानांना लकवा मारला. बोलणं शाबूत राहिलं, डावा हात थोडा परत आला, डावा पाय नाही आला. फिजिओथेरपी झाली, तेलं झाली. आई रोज सकाळी तो पाय मांडीवर घेऊन चोळते आणि म्हणते, आज जरा गरम लागतोय.

यंदा त्या सिनेमाचा नवा भाग आला, हिंदीत डब होऊन. नाना हट्टालाच पेटले. दुपारच्या शोला गेलो. टॉकीजमध्ये व्हीलचेअर शेवटच्या रांगेपर्यंतच जाते, दाराच्या पडद्यापाशी. तिथं नाना, त्यांच्या शेजारी आई, मग मी. हॉल बऱ्यापैकी भरलेला होता – कॉलेजची पोरं, शाहपूरकडची केळीवाली मंडळी. सिनेमा यथातथाच. शार्क कॉम्प्युटरनं केलाय हे कुणालाही कळत होतं. पडद्यावर माणसं मरत होती आणि लोक हसत होते.

इंटरव्हलनंतरची गोष्ट. पडद्यावर दोन भाऊ टेबलाशी बसून घर विकायचं की नाही यावर वाद घालत होते. पाणी नाही, शार्क नाही, म्युझिकसुद्धा नाही. आणि अगदी पुढच्या रांगेतल्या खुर्च्या करकरल्या. तिथल्या लोकांचे गुडघे वर आलेले दिसले – सगळे पाय खुर्चीवर घेत होते. कुणी ओरडलं नाही. मग त्यांच्या मागची रांग. मग तिच्या मागची... ज्याच्यापाशी ते येईल तो निमूटपणे पाय उचलत होता. मी मनात म्हणत होते, काय मूर्ख लोक आहेत. तेवढ्यात माझ्या घोट्याला गार लागलं. थंडीत घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभं राहिलं की तापीचं पाणी पायाला घासून जातं ना, तसं. मी पाय कधी उचलले मला कळलं नाही. आईनंही उचलले.

आणि नानांनीही. दोन्ही.

डावा पाय व्हीलचेअरच्या पाय टेकायच्या पट्टीवरून सुटून वर आला होता. गुडघा वाकलेला, चप्पल खाली पडलेली. आई त्या पायाकडे बघत होती. आवाज झाला तर तो खाली जाईल अशी भीती वाटून तिनं तोंडावर हात धरला होता.

"गेलं का?" नानांनी विचारलं. मग त्यांनी स्वतःच खाली पाहिलं आणि पाय धपकन पडला.

"नाना, उचला परत," मी म्हटलं.

"म्या नाही उचलला," ते म्हणाले. "सोताहून उठला तो."

बाहेर आल्यावर मी लाज सोडून लोकांना विचारत सुटले. शाहपूरचे एक काका म्हणाले, उंदीर होता. एका मुलीला एसीचा गारवा वाटला होता. कुणाला पायापाशी बाटली घरंगळत आल्यासारखं वाटलं. पाय वर घेतल्याचं सगळ्यांना आठवत होतं आणि प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं. दोन पोरं तिथंच मोबाइलवर रिव्ह्यू रेकॉर्ड करत होती, "सेकंड हाफ एकदम बोर है भाई, पार्ट वन जैसी बात नहीं." मी परत आत जाऊन फरशी पाहिली. शेंगांची टरफलंसुद्धा कोरडी होती.

डॉक्टर म्हणाले, स्नायूंना कधी कधी असा झटका येतो, त्यावर आशा बांधू नका. बाकीच्या हॉलचं काय, तर एकाचं बघून दुसरा करतो. मीही वर्गात हेच सांगितलं असतं. पण बघून पाय उचलता आला असता, तर आई दोन वर्षं रोज स्वतःचा उचलून दाखवतेच आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. त्याच जागा, तोच शो. तो सीन आला आणि गेला. मग सिनेमा उतरेपर्यंत जातच राहिलो. दारावरचा माणूस आधी हसायचा, नंतर हसेनासा झाला. शेवटच्या दिवशी हॉल जवळजवळ रिकामा. ते दोघे भाऊ वाद घालायला लागले आणि आईनं, काहीसुद्धा झालेलं नसताना, हळूच पाय खुर्चीवर घेतले, गुडघ्यांना मिठी मारली आणि नानांकडे बघत बसली. मला रडू आलं. मीही उचलले.

नाना बराच वेळ आपल्या पायाकडे बघत होते. मग आईला म्हणाले, "घे खाली. दुखतील तुझे. नाही येत ते आता."

आईनं सिनेमा संपेपर्यंत पाय खाली ठेवले नाहीत.

ते काय होतं, मला आजही माहीत नाही. या कॉलममध्ये लोक विचारतात की असलं काही मागे लागलं तर घालवायचं कसं. आम्हाला ते परत हवंय, आणि कुणाला विचारायचं तेही कळत नाही. नानांनी चिडवणं सोडलंय. आता घरात पाणी सांडलं की आईच म्हणते, "अहो, पाय वर घ्या, आला बघा," आणि फडकं हातात धरून त्यांच्या पायाकडे बघत उभी राहते. पाणी बहुतेक वेळा तिनंच सांडलेलं असतं.