भावजींची चालू गाडी

प्रिय अनुजा आणि रोहन,

दिनूआजोबा गेल्याचे मी तुमच्या बाबांना फोनवर सांगितले, तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. फोन तुटला असे वाटून मी दोनदा "हॅलो, हॅलो" केले. पुढच्या रविवारी अनुजाने विचारले, "आजी, बाबा अजून नीट बोलत नाहीत. दिनूआजोबा त्यांचे काका, हे माहीत आहे. पण एवढे जवळचे होते का गं?" मी "हो" एवढेच म्हणाले. आता दिवसकार्य उरकले, त्यांच्या परळच्या खोलीची आवराआवरही झाली, पण तुमच्या बाबांचे ते गप्प होणे काही माझ्या मनातून जाईना. कारण ते मी पूर्वी एकदा पाहिले आहे. म्हणून हे लिहिते आहे. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले, तरी हे मराठीतच लिहायला हवे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, लागू दे.

दिनकर म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. माझ्याहून वयाने लहान, पण दिराला "भावजी" आणि "तुम्ही" म्हणायची तेव्हा पद्धत होती, ती मी शेवटपर्यंत सोडली नाही. भावजी कधी एका जागी बसलेले मी पाहिले नाहीत. जेवतानासुद्धा एक गुडघा हलत असे. नोकऱ्यांचेही तेच. आज छापखाना, उद्या विजेच्या सामानाचे दुकान. मला सगळे जागच्या जागी लागते, त्यामुळे ते घरात आले की माझा जीव वरखाली होई. माझ्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन ते वायरी कापत आणि परत ठेवताना ती तांदळाच्या डब्यात ठेवत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही गिरगावात राहत होतो. एका संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली आणि तिने भोंगा वाजवला. तुमचे आजोबा सभांना जात, पत्रके वाटत. अटक होणार हे त्यांना ठाऊक होते. पिशवी भरलेलीच होती. शेजारच्या घरांची दारे पटापट लागली. श्री, म्हणजे तुमचे बाबा, चार वर्षांचा होता. तो माझा पदर धरून दारात उभा होता. तो रडला नाही. वडील गाडीत चढेपर्यंत पाहत राहिला... आणि त्यानंतर बोलायचाच थांबला.

पहिले काही दिवस आम्ही म्हटले, धसका घेतला आहे, होईल ठीक. मग डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. तो जेवत होता, झोपत होता, नुसता बोलत नव्हता. शैला, तुमची आत्या, तेव्हा सात वर्षांची; ती दोघांच्या वाटचे बोलून घेई. "श्रीला पाणी हवंय." "श्रीला झोप आलीय." तिला गप्प करावे की तिचे आभार मानावे हे मला कळत नसे. मुलगा असाच राहिला तर नवऱ्याला तुरुंगातून सुटून आल्यावर मी काय सांगू, हा एकच विचार दिवसभर डोक्यात फिरत असे.

सुट्ट्यांना जोडून रविवार आला आणि तीन दिवस शाळा बंद राहणार होती. आदल्या दिवशी भावजी खाली रस्त्यावरून ओरडले, "वहिनी, कपडे भरा! उद्या सगळ्या नातेवाइकांकडे जायचंय. गाडी आणलीय!"

चिंचपोकळीच्या कुणा मित्राच्या गॅरेजमधून त्यांनी ती मागून आणली होती. काळी, म्हातारी मोटार. ड्रायव्हरच्या बाजूचे दार लागत नसे, म्हणून ते दोरीने ओढून धरावे लागे. इंजिन एकदा बंद पडले की चौघांनी हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे, त्यामुळे दिवसभर ते बंद करायचेच नाही असा भावजींचा नियम होता. बाहेरच्या अंगाला पितळी भोंगा होता, रबरी फुग्याचा.

मी आखणी करून ठेवली होती. पहिला दिवस दादरला भावजींच्या मावशींकडे, दुसरा ठाण्याला माझ्या माहेरी, तिसऱ्या दिवशी परत येताना लालबागला अक्कांकडे. अक्का म्हणजे या दोघा भावांची थोरली बहीण. मी वेळासुद्धा ठरवल्या होत्या. आमची गाडी गिरगावातून बाहेर पडेपर्यंतच त्या वेळा टळून गेल्या.

शैला मागे माझ्याजवळ बसली. भावजींनी श्रीला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि त्याचा हात भोंग्याच्या फुग्यावर ठेवला. श्रीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"भावजी, नको," मी म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे ना, त्याला त्या आवाजाची..."

"वाजवू नकोस रे बाबा," ते त्याला म्हणाले. "नुसता धरून ठेव. पडेल तो."

दादरला मावशी दारातच भांडायला लागल्या. "अरे दिन्या, भुतासारखा गाडीत काय बसून राहिलास? वर ये."

"वर आलो तर गाडी बंद पडेल, मावशी."

"पडू दे मेली! पोहे टाकलेत."

"मग पोहे खाली पाठवा."

मावशींनी खरेच पोहे खाली आणले आणि फुटपाथवर उभ्या राहून आम्हाला खाऊ घातले. येणारे-जाणारे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्या सगळ्या वेळापत्रकात फुटपाथवर बशी हातात घेऊन खाणे कुठेच नव्हते. निघताना मावशींनी सगळ्यांच्या हातावर वडी ठेवली, मला कुंकू लावले आणि श्रीची हनुवटी धरून म्हणाल्या, "बोल रे राजा, मावशीआजी म्हण." श्रीने मान फिरवली. भावजींचा गुडघा हलायला लागला. "चला, चला, इंजिन तापतंय," म्हणत त्यांनी गाडी पुढे काढली आणि संध्याकाळपर्यंत आम्हाला शिवाजी पार्काभोवती हिंडवत ठेवले. अंधार पडल्यावर कुठे गाडी मावशींच्या दाराशी येऊन बंद झाली.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या वाटेवर, मुलुंडच्या अलीकडे, रस्त्यात म्हशी बसल्या होत्या. भावजींनी आरोळ्या ठोकल्या. म्हशी ढिम्म. शैला म्हणाली, "काका, त्यांना मराठी येत नाही." तेवढ्यात एक बारीक, चिरका आवाज आला. श्रीने फुगा दाबला होता. एक म्हैस उठली. त्याने पुन्हा दाबला, दुसरी उठली. तो हसला नाही, बोलला नाही, पण ठाण्यापर्यंत रस्त्यात कोंबडी दिसली तरी भोंगा वाजत होता. मी मागे बसून त्याच्या मानेकडे बघत होते. मनात म्हणत होते, आता बोलेल, आता बोलेल. माझ्या वडिलांच्या घरी तो रात्रभर झोपेत हाताची मूठ मिटत-उघडत होता. बोलला मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना आम्ही लालबागला पोहोचलो. अक्कांचे यजमान गिरणीत कामाला होते आणि मोर्च्यांत पुढे असत. त्यांच्या चाळीतून थोड्याच दिवसांपूर्वी पोलिसांनी माणसे उचलून नेली होती. हे आम्हाला कळले होते. पण त्यानंतर चाळीतल्या बायकांनी काय ठरवले होते, ते आम्हाला ठाऊक नव्हते. त्या गल्लीत पोलिसांशिवाय कुणाची मोटार येणार? तेव्हा मोटारीचा भोंगा ऐकू आला की पहिल्या खोलीतल्या बाईने ताट वाजवायचे आणि सगळ्यांनी दारे लावून घ्यायची, असे त्यांचे ठरले होते.

चाळीखाली गाडी थांबली. वर तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत बायका निवडटिपण करत होत्या, कपडे वाळत होते. श्री ताठ बसला आणि कुणी न सांगता त्याने फुगा जोरात दाबला.

वर ताट खणखणले. सूप उचलले गेले, पाळणा आत ओढला गेला, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दारे धडाधड लागली. तिन्ही मजले.

श्रीचा हात फुग्यावर तसाच राहिला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. कान तेवढे लाल झालेले दिसले. गिरगावात त्याने हेच पाहिले होते. भोंगा, मग दारे. आणि या वेळी भोंगा त्याने स्वतः वाजवला होता. मला वाटले, संपले. दोन दिवसांत जे थोडे मिळवले तेही गेले.

"अक्का!" भावजी ओरडले. "अगं ए अक्का, मी दिनू!" दोरी सोडून उतरावे तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढता येत नव्हता, इंजिन बंद पडले असते. "दार उघड गं!"

बंद दाराआडून कुणा पुरुषाचा आवाज आला, "इथं कुणी राहत नाही!"

शैला खुदकन हसली. आणि श्री भावजींच्या मांडीवर उभा राहिला. खिडकीतून अर्धा बाहेर वाकला. गंजलेली कडी सरकवावी तसा आवाज आला.

"आत्या! मी आहे! श्री!"

कुणीच हलले नाही. तो पुन्हा ओरडला, या वेळी सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा, "मी आहे! श्री!"

दुसऱ्या मजल्यावरचे दार उघडले. अक्का अनवाणी धावत जिना उतरल्या. मग शेजारचे दार उघडले, मग त्याच्या पलीकडचे. गॅलरीत माणसे गोळा झाली. एक बाई ओरडली, "अगो बाय, पोलीस एवढोसोच हा गो!" आणि सगळी चाळ हसायला लागली. अक्कांचे यजमान मोरीतल्या पिंपामागून कोपराला शेवाळ लावून बाहेर आले. अक्कांनी श्रीला खिडकीतूनच ओढून घेतले. "मेल्या दिन्या, जीव घेतलास रे आमचा," असे भावजींना म्हणत त्या श्रीचे मुके घेत होत्या.

तेवढ्यात इंजिन बंद पडले. भावजींनी पाय काढला होता. ते दोन्ही हात स्टिअरिंगवर टाकून, त्यावर डोके ठेवून बसले होते. त्यांचा गुडघा हलत नव्हता. तसे मी त्यांना त्यापूर्वी पाहिले नव्हते आणि नंतरही कधी पाहिले नाही.

गाडी ढकलायला निम्मी चाळ उतरली. परतीच्या वाटेवर श्री बोलत होता, शैला बोलत होती, आणि मी कुणालाच गप्प बसवले नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी मी भावजींना विचारले, "तुम्ही मुद्दामच त्याच्या हातात भोंगा दिला होता ना?" ते म्हणाले, "कसलं मुद्दाम, वहिनी? माझा एक हात स्टिअरिंगवर, एक हात दाराच्या दोरीला. हॉर्न वाजवणार कोण?" आणि उठून माझ्या स्वयंपाकघरात काहीतरी दुरुस्त करायला गेले. ते खरे बोलत होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

ती गाडी पुढे मोडीत निघाली तेव्हा भावजींनी तो भोंगा काढून घेतला आणि परळच्या खोलीच्या दाराला लावला. विजेच्या दुकानात नोकरी केलेल्या माणसाच्या दाराला घंटी नव्हती! फुगा दाबायचा आणि आपले नाव मोठ्याने सांगायचे, तरच दार उघडे. तुम्ही दोघे लहान असताना त्या दाराशी उभे राहून ओरडला आहात. तुम्हाला तो खेळ वाटे. आम्हा मोठ्यांना ठाऊक होते तो काय आहे, पण आम्ही कधी बोललो नाही.

खोली रिकामी करताना भोंगा मी उतरवून घेतला. रबर चिरून गेले आहे, त्यामुळे तो वाजत नाही. पितळ मी चिंचेने घासून ठेवले आहे. रोहन, तू बाबांना हसतोस की फोनवर नाव दिसत असतानाही ते दर वेळी आधी तेच एक वाक्य म्हणतात. काल त्यांचा फोन आला. मी उचलला, आणि पलीकडून आवाज आला, "मी आहे. श्री."

ते वाक्य शाबूत आहे.

तुमची आजी