छपरावरची काठी

१७ ऑगस्ट १९११. न्यांग्वेसोच्या आवारात माणसे अकरा; त्यांत त्याच्या बायका तीन, झोपड्याही तीन.

पूर्व आफ्रिकेतल्या किसुमूच्या इंग्रज सरकारला माणसांशी कर्तव्य नव्हते. कर झोपडीमागे होता, सालाचे तीन रुपये. म्हणून त्या सकाळी, मोजणीचा कारकून यायच्या आत, न्यांग्वेसोने धाकट्या बायकोची, अदेरोची, झोपडी नाहीशी करायचे ठरवले.

“आजपासून हा शेळ्यांचा गोठा. तू थोरलीकडे, अकुमूकडे नीज.”

“मोजणी झाली की परत येईन ना?”

“आणि पुढल्या वर्षी मोजणी नाही होय गं?”

लुओ समाजात जिची स्वतंत्र चूल नाही ती बायको नव्हे, थोरल्या सवतीकडची पाहुणी. न्यांग्वेसोने तिची मडकी बाहेर काढली, शेळ्या आत कोंडल्या आणि घराची खूण उरू नये म्हणून छपराच्या टोकावरची उभी काठीही उपटली. ती काठी धनी मेल्यावरच काढतात. घाईत तो ते विसरला आणि शेळ्या बांधायला आत गेला. अदेरो विसरली नव्हती. ती पाय पसरून ज्वारी निवडत बसली.

बोडके छप्पर दिसताच पहिला हंबरडा ओढ्यापलीकडून आला. मग दुसरा. मग अख्खे गाव ढोल बडवीत निघाले. न्यांग्वेसोचा चुलतभाऊ ओग्वेनो, रिवाजाने त्याच्या विधवांना पदरात घेणारा, मयताच्या प्रथेप्रमाणे बैल पळवीत, भाला नाचवीत, ढसाढसा रडत आवारात शिरला.

“वहिनी, काळजी करू नका! मी आहे!”

“दिसतंय, भावोजी. बैल तेवढा ज्वारीवरून हटवा.”

“पण दादा गेले कसे?”

“शेळ्यांबरोबर गेले. आत.”

तेवढ्यात अंगभर लेंड्या माखलेला न्यांग्वेसो दारातून बाहेर आला. बायका किंचाळत पळाल्या. बैल त्यांच्या पुढे पळाला.

“अरे, मी जिवंत आहे!”

“मग आधी सांगायचं ना!” ओग्वेनो कुंपणामागून ओरडला. “धावून धावून बैल अर्धा झाला माझा!”

थोरली अकुमू हसून हसून जमिनीवर लोळली. ढोलवाल्यांना कोणी काही सांगितलेच नाही. ते वाजवीत राहिले. त्याच तालावर मान हलवीत कारकून आला. तोही ह्याच मुलखातला लुओ, काठीचा अर्थ जाणणारा.

“झोपड्या किती?”

“दोन,” न्यांग्वेसो म्हणाला. “तो गोठा आहे.”

कारकुनाने बोडके छप्पर पाहिले, मग गर्दी पाहिली.

“गोठ्याची काठी निघाली म्हणून एवढं गाव रडत आलं?”

वहीत तीनचा आकडा पडला.

अदेरोचे नाव त्या वहीत नाही. बायकांच्या नावांसाठी रकानाच नव्हता. माणसे वगळून छपरे मोजणाऱ्या व्यवस्थेने तिचे घर राखले, एवढ्यावरून ती व्यवस्था न्यायी ठरत नाही. अदेरोने मात्र तिला दोष देण्यात वेळ घालवला नाही. तिने शेळ्या हाकलल्या, जमीन सारवली आणि आपल्या चुलीवर मासे चढवले. न्यांग्वेसो जेवायला आला तेव्हा तिने त्याला आधी आंघोळीला पाठवले.

वहीनुसार तिसऱ्या झोपडीचे तीन रुपये अजून भरलेले नाहीत.