माझ्या नावाने आलेला राजीनामा

लोकांच्या डोमेनला ईमेलच्या नोंदी लावून द्यायचं काम मी हल्ली घरी बसून करते. ऐकायला किचकट वाटतं, पण मुळात साधं आहे. इंटरनेटवर संस्थेचं जे नाव असतं, त्या नावाच्या नोंदींत लिहून ठेवायचं की आमची पत्रं फक्त अमुक सर्व्हरवरून निघतील, त्यांच्यावर आमची अमुक खूण असेल आणि दुसरीकडून आमच्या नावाने काही आलं तर ते घेऊ नका. तीन-चार ओळींचा मजकूर. तो लावायला मला अर्धा तास लागतो आणि तो का लावायचा हे गिऱ्हाइकाला पटवायला आठ दिवस. “मॅडम, आमच्या नावानं कोण कशाला खोटी मेल पाठवतंय?” असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी फोन बाजूला ठेवते, पाणी पिते आणि मग बोलते. एकेकाळी मीही असंच समजत होते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. संगमनेरच्या एका कॉलेजात मी संगणक शिकवत होते. दोन वर्षं तात्पुरती नेमणूक, काम बरं वाटलं तर कायम, असं ठरलेलं. त्यातले दोन महिने उरले होते. घर तिसगावला. संगमनेरात एकटीने खोली घेऊन राहायचं म्हटल्यावर वडिलांनी एकच अट घातली होती: नोकरी कायम झाली तर राहा, नाही तर घरी ये, आम्ही स्थळं बघायला लागतो. तेव्हा त्या दोन महिन्यांवर माझं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि हे कॉलेजातल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच वर्षी संस्थेने इंटरनेटवर स्वतःचं नाव घेतलं. पुण्याच्या कॉलेजांकडे आहे म्हणून आपल्याकडेही हवं, एवढंच कारण. सगळं लावून मी दिलं. संस्थेला एक पत्ता, प्राचार्यांना एक, सचिवांना एक, मला एक. सगळ्यांची मेल कार्यालयातल्या एकाच संगणकावर उतरायची. सकाळी अकराला आणि दुपारी चारला मोडेम पुण्याचा नंबर फिरवायचा, किंचाळायचा आणि टपाल यायचं. ते उतरवायला मी आमच्या हेडक्लार्कला शिकवलं. माणूस वयाने वडिलांएवढा, शब्दाचा गोड, अक्षर मोत्यासारखं. आम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचो.

भाऊसाहेबांनी ईमेलला आपल्या पद्धतीने वळण लावलं. आलेली प्रत्येक मेल ते कागदावर छापायचे. वर इंग्रजी अक्षरांच्या आणि आकड्यांच्या पाच-सहा ओळी यायच्या. पत्र कुठल्या यंत्रावरून, किती वाजता, कुठून कुठे गेलं, हे त्यांत असायचं. त्या ओळी त्यांना घाण वाटायच्या. कात्री घेऊन ती पट्टी ते सरळ कापून टाकायचे, उरलेल्या कागदावर आवकचा गोल शिक्का मारायचे, क्रमांक घालायचे, रजिस्टरला चढवायचे आणि फाईलला लावायचे. मग संगणकावरची मेल पुसून टाकायचे. हे पुसायचं मात्र मीच शिकवलं होतं, कारण जागा भरली की नवं टपाल येत नसे. मला त्या कात्रीचं हसू यायचं. मी स्टाफरूममध्ये त्यांची नक्कलही करत असे.

चुलतबहिणीच्या लग्नाला मी तिसगावला गेले. शनिवार ते सोमवार अशी रजा होती. मंगळवारी पहाटेची एसटी धरून नगरमार्गे कॉलेजात पोचले, मस्टरवर सही करायला गेले, तर माझ्या नावावर लाल रेघ.

मी विचारलं, “हे काय, भाऊसाहेब?”

ते माझ्याकडे बघेनात. “आता तुमीच राजीनामा दिला, मॅडम. आमी काय करनार?”

त्यांनी फाईल पुढे केली. माझ्या पत्त्यावरून आलेली मेल, चार ओळींची. घरगुती कारणामुळे आजपासून नोकरी सोडत आहे, कृपया मंजूर करावं, खाली माझं नाव. वरची पट्टी कापलेली, तिथे गोल शिक्का. सोमवारी अकराला ती उतरली, साडेअकराला भाऊसाहेबांनी सचिवांना फोन लावला, सचिव फोनवर “मंजूर करा” म्हणाले आणि दुपारच्या टपालाने मंजुरीचं पत्र रजिस्टर करून माझ्या तिसगावच्या पत्त्यावर निघालंही होतं. साध्या रजेचा अर्ज या कार्यालयात पंधरा दिवस पडून राहायचा.

मी म्हणाले, मी हे लिहिलं नाही. भाऊसाहेब म्हणाले, तुमचं नाव हाय की. मी म्हणाले, नाव कुणीही टाकू शकतं. ते म्हणाले, कम्प्युटर खोटं बोलत न्हाई, हे तुमीच वर्गात सांगता. मी मूळ मेल मागितली, पुसलेली. कापलेली पट्टी मागितली, रद्दीत गेलेली. मी पोतं उपसलं. आदल्याच संध्याकाळी शिपायाने बंब पेटवायला निम्मी रद्दी नेली होती. त्या पट्टीवर लिहिलेलं असणार, की पत्र कधी आणि कुठून निघालं. आणि तेव्हा मी तिसगावात मांडवात होते, जिथून फोन करायलाही पेठेपर्यंत चालावं लागायचं. मला सोडवणारे तेवढेच शब्द होते आणि ते कात्रीने गेले.

“मग रजिस्टरमधली नोंद काढा,” मी म्हणाले.

“एकदा चढलेलं उतरवता येत न्हाई, मॅडम. कायदाच हाय तसा.”

तळपायाची आग मस्तकात गेली. प्राचार्यांकडे गेले तर त्यांनी हात वर केले. सचिव दर शुक्रवारी येतात, त्यांनाच भेटा. मंगळवार ते शुक्रवार मी रोज आले, तास घेतले आणि मस्टरवर सही नाही. पोरांसमोर उभी असताना मला कळत नव्हतं की मी इथे नोकरीला आहे की नाही. गुरुवारी कार्यालयात आईचा फोन आला. रजिस्टर पत्र घरी पोचलं होतं.

आई म्हणाली, “व्हय गं, सोडली का नोकरी? बरं केलं म्हनते मी. पन आदुगर सांगायचं तरी.”

“आई, मी नाही सोडली.”

“शिक्क्याचं पत्र आलंय, पोरी. मास्तरांनी वाचून दावलं.”

माझ्या आईनेही शिक्क्यावरच विश्वास ठेवला. तिच्यावर मी फोनवर ओरडले, ते आजही मला टोचतं. राग दुसऱ्यांवरचा होता आणि तो तिने ऐकून घेतला.

ती मेल कुणी पाठवली हे मला कधीच कळलं नाही. संशय दोघा-तिघांवर होता, पुरावा कुणावरच नव्हता. खरं सांगते, त्या माणसाचा मला तेवढा राग नाही. त्याने लबाडी केली आणि लबाडाने ती करावीच. राग आहे तो विचारायलाही न थांबता मान डोलावणाऱ्यांचा. दोन वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर वावरणाऱ्या बाईला एक दिवस थांबून “तुम्हीच का?” एवढं विचारावं, असं कुणालाही वाटलं नाही.

शुक्रवारी सचिव आले. मोठी खुर्ची, समोर प्राचार्य, भाऊसाहेब फाईल घेऊन उभे. मी म्हणाले, “सर, दहा मिनिटं द्या. नाव कसं खोटं टाकता येतं ते दाखवते.” त्यांनी घड्याळ बघून मान हलवली.

कार्यालयातल्या संगणकावर मेलचा प्रोग्राम उघडला. तिथे एक चौकट असते, नाव काय, पत्ता काय. मी माझं नाव पुसलं आणि सचिवांचं टाकलं. यंत्राने काही विचारलं नाही. मग चार ओळी लिहिल्या, घरगुती कारणामुळे आजपासून सचिवपद सोडत आहे, कृपया मंजूर करावं, आणि संस्थेच्या पत्त्यावर पाठवून दिल्या. मोडेम किंचाळला. थोडं थांबून पुन्हा नंबर फिरवला. मेल उतरली. वर सचिवांचं नाव आणि पत्ता, जसाच्या तसा.

आणि मी शपथेवर सांगते, भाऊसाहेबांनी ती छापली. हाताची सवय. कात्रीने पट्टी कापली, गोल शिक्का मारला, क्रमांक घातला, रजिस्टरला चढवली आणि दोन्ही हातांनी सचिवांसमोर ठेवली. मग वाचलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

सचिवांनी कागद वाचला आणि चार तुकडे केले. “काय पोरकटपणा आहे हा?”

“सर, हे खोटं आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

“कसं म्हणजे? मी इथं बसलोय की.”

“मीसुद्धा मंगळवारपासून इथेच उभी आहे.”

सचिवांनी रजिस्टरकडे बोट दाखवलं आणि भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं, लाल शाईने सचिवांच्या राजीनाम्याच्या नोंदीवर रेघ मारली, बाजूला ‘रद्द’ लिहिलं आणि सही केली. अर्धं मिनिट लागलं. चढलेलं उतरवता येत नाही, हा कायदा मी मंगळवारपासून ऐकत होते. मी त्याच्या आधीच्याच पानावर बोट ठेवलं. माझी नोंद तिथे तशीच होती.

“हीही अशीच रद्द करा,” मी म्हणाले.

सचिव आता समजुतीने बोलू लागले. “तसं नाही होत, बाई. तुमचं मंजूर झालंय, पत्र गेलंय, संस्थेची इभ्रत आहे. तुम्ही असं करा, राजीनामा मागे घेत असल्याचा अर्ज द्या. मी आत्ता मान्य करतो. विषय संपला.”

“दिलाच नाही, तर मागे काय घेऊ?”

“नुसता कागद आहे. कशाला ताणता?”

नुसता कागद. त्या कागदावर सही केली की राजीनामा मी दिला होता हे मीच कबूल करणार, आणि सेवापुस्तकात ते जन्मभर राहणार. आणि नाही केली, तर संध्याकाळच्या एसटीने तिसगाव. वडिलांची अट, आईचं “बरं केलं”, महिन्याभरात बघायला येणारी माणसं. मला ते टेबल उलटून द्यावंसं वाटत होतं. त्या तिघांपैकी एकाचीही माफी मागायची तयारी नव्हती आणि तिघांनाही वाटत होतं की आपण माझ्यावर उपकार करतोय.

मी खुर्ची ओढली आणि अर्ज लिहिला. दिलेला राजीनामा मी स्वखुशीने मागे घेत आहे. ‘स्वखुशीने’ हा शब्द भाऊसाहेबांनी सांगितला. सही मी रागाने इतक्या घाईत ओढली की ती वाकडी आली. मी कागद त्यांच्याकडे सरकवला आणि उठले.

“थांबा, मॅडम,” भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी कपाटातून माझ्या नेमणुकीची फाईल काढली, तिच्यातली माझी जुनी सही उघडली, नवी सही तिच्या शेजारी धरली आणि चष्मा कपाळावर चढवून दोन्ही सह्या बराच वेळ न्याहाळल्या.

“जुळत न्हाई,” ते म्हणाले. “हे तुमीच दिलंय कशावरून? पुन्हा करा.”

मी पुन्हा सही केली.