काळी खपली

"स्क्रब टायफस," जव्हारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्या बायकोच्या, सुमनच्या, काखेतली काळी खपली मला दाखवली. गवतात एक बारीक किडा असतो, डोळ्यांना दिसतही नाही. तो चावतो तिथं विडीनं भाजल्यासारखी खपली धरते, मग ताप चढतो.

"औषध साधंच आहे, पण उशीर झालाय. फुप्फुसात पाणी आहे. ही खपली घरात कुणी पाहिली नाही?"

पाहिली होती. मीच पाहिली होती.

तापाच्या तिसऱ्या दिवशी तिचं अंग पुसताना खपली दिसली आणि माझं डोकं फिरलं. आमच्याकडे दुखणं हटेना तर भगत तापवलेल्या विळ्यानं डाग देतो. ख्रिस्ती झाल्यावर आम्ही ते सोडलं. मला वाटलं, ही माझ्यामागे जानू भगताकडे जाऊन आली. "नाय गेले," ती सांगत राहिली. मी उशाशी बायबल ठेवलं, पश्चात्ताप कर म्हणालो, आणि दवाखान्याचं नावही काढलं नाही. दर रविवारी चर्चच्या मंडळीत दयेवर बोलणारा मी!

वर जानूकाकाच्या दारात जाऊन शिव्या घातल्या. सत्तरीचा म्हातारा. नागली झोडपायची सोडून माझ्यामागे घरी आला, खपली पाहिली.

"मी नाय दिला हा डाग. माझ्या हातचं नाय हे, पोरा. दवाखान्यात ने."

मी त्याला हाकलून दिलं.

आणखी दोन दिवस गेले. पाचव्या दिवशी सुमन मला ओळखेना. पाड्याला गाडीरस्ता नाही, इतकी वर्षं मागूनही नाही, त्याचाही संताप येतो. डोलीला चार खांदे लागतात आणि मंडळीतले गडी ठाण्याला कामावर गेलेले. जानूकाका न बोलावता आला, दोन मुलांना घेऊन. डांबरी रस्ता येईपर्यंत त्यानं डोली खाली ठेवू दिली नाही.

दवाखान्यात मंडळीतले भेटायला आले. "देवानं परीक्षा घेतली," एकजण म्हणाला. मी खेकसलो, "देवाला मधे आणू नका. मीच जीव घेत होतो तिचा."

तुमच्या माणसाला ताप असेल आणि अंगावर अशी खपली दिसली, तर आधी दवाखाना गाठा. जाब नंतर विचारा.

सुमन वाचली. देवाचे आभार मानतो, पण माझा स्वतःवरचा राग उतरलेला नाही, उतरूही नये.

घरी आल्यावर चार दिवसांनी ती उठली. नागलीच्या भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि दारात थांबली.

"जाते भगताकडे," ती म्हणाली. "या वेळी सांगून जाते."

मी मान खाली घालून तिच्यामागे निघालो.