पाण्याखालची बाई

सगळे त्याला सांगाडे म्हणत. आडनाव नव्हे हो ते! शाळा-कॉलेजांच्या भिंतींवर माणसाच्या शरीराचे तक्ते टांगलेले असतात ना, हाडं, हृदय, फुप्फुसं, ते रंगवणं हा त्याचा धंदा. त्यावरून पडलेलं नाव. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशी त्याचं टेबल. दोनशे सहा हाडं तोंडपाठ. तक्ता पुरा झाला की उजव्या कोपऱ्यात सही आणि तारीख, कारण तारखेशिवाय तक्ता शिक्षण खात्याकडून परत यायचा. हाताला ती खोडच लागली होती. माणूस शब्दाला कंजूष, कामाला चोख आणि मनानं भित्रा. यातलं तिसरं फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं, आणि तिलाही पुरतं नव्हतंच म्हणा.

ती आजारी पडली तेव्हा तो चाळिशीत होता. तिच्या फुप्फुसांत पाणी झालं. अकरा आठवडे दवाखान्यात. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला डॉक्टर जे सांगतील ते ऐकून घ्यावं लागतं. याला मेल्याला सगळं दिसायचं. पाणी कुठवर आलं असेल, कुठला कप्पा बुडाला असेल, हे तो तिच्या पलंगाशी बसून मनात रंगवायचा. डॉक्टर म्हणाले, “पंधरा दिवस बघू या.” डॉक्टरांना म्हणायचं होतं, बघू या. यानं ऐकलं ते पंधरा दिवस.

दुपारी भेटायची वेळ. ती बहुतेक झोपलेली असायची, केस उशीवर पसरलेले, ओठ निळसर. हा हाताला चाळा म्हणून औषधांच्या पाकिटांच्या पाठीवर तिचा चेहरा काढायचा. तिला विचारलं नाही. झोपलेल्या माणसाला काय विचारणार?

त्याच दिवसांत खालच्या मजल्यावरचा बाइंडर वर आला. दिवसा पुस्तकं शिवायचा आणि सुटीच्या दिवशी एका गोदामात तिघा दोस्तांबरोबर गळा फाटेस्तोवर गायचा. हेवी मेटल. त्यांची पहिली रेकॉर्ड निघायची होती आणि कव्हर हवं होतं. “काका, तुमच्याइतकी हाडं कुणाला येतात? कवट्या काढा, ज्वाळा काढा, बघणाऱ्याची बोबडी वळली पाहिजे.” असं म्हणून गाण्यांची कॅसेट टेबलावर ठेवून गेला.

सांगाड्यानं ती घरच्या टेपरेकॉर्डरवर लावली. त्या यंत्राचा पट्टा ढिला झालेला. बातम्या लावल्या तरी निवेदक शोकसभेत बोलतोय असं वाटायचं. घरात बायको असती तर तिनं दोन शिव्या हासडून पट्टा बदलून आणला असता. याला सुचलंच नाही. गाणी रखडत, खोल, बुडत्या माणसाच्या घशातून आल्यासारखी येऊ लागली. ढोलाचा एक ठोका पडायचा आणि दुसऱ्याची वाट बघत बसावं लागायचं. त्याला वाटलं, असंच असतं हे संगीत. आणि त्याला ते अगदी पटलं. पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या मनातलं मोठ्यानं म्हणत होतं. खुर्चीत बसून तो घळाघळा रडला.

मग त्यानं चित्र काढलं. कवटी नाही, ज्वाळा नाही. काळंहिरवं पाणी, तळाशी उताणी पडलेली एक बाई, डोळे मिटलेले, मोकळे केस वर तरंगणारे, आणि फार वर नखाएवढा उजेड. पुरं झालं तेव्हा हातानं आपलं काम केलं. उजवा कोपरा, सही, तारीख.

बाइंडर कडाडला. “काका, आम्ही काय अंगाई गातो का?” पण छपाईची पाळी ठरलेली, दुसरं काढायला वेळ नव्हता. छापलं तसंच. आणि मग गंमत बघा. आत गाणी होती घोड्यासारखी उधळलेली, पण ज्यानं ते कव्हर हातात घेऊन ऐकलं त्याला ती संथ आणि दुःखी ऐकू आली. लोक कार्यक्रमात ओरडायचे, “सावकाश! रेकॉर्डसारखं!” बाइंडर शपथेवर सांगायचा की रेकॉर्डवरही वेग तोच आहे. कोण ऐकतो? वर्षभरात ते चौघं स्वतःच संथ वाजवायला लागले, आणि पुढच्या वर्षी वाजवायचेच बंद झाले.

आणि बायको? ती बरी झाली की! चांगली खडखडीत नाही, जिना चढताना दोनदा थांबायची. पण घरी आली आणि पहिल्या दिवशी टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलला. आता हिला ते कव्हर दाखवायचं कसं? जिवंत बाईला तिचं मढं दाखवतात का? “कवट्याबिवट्या आहेत, तू घाबरशील,” एवढं तो म्हणाला. आपली प्रत त्यानं फुप्फुसांच्या जुन्या तक्त्यामागे कपाटात सरकवली. तिच्या नजरेस ते पडू नये, एवढी एकच धास्ती त्यानं तेवीस वर्षं उराशी धरली. कपाट ती झाडायला गेली की हा धावत जाऊन फडकं स्वतःच्या हातात घ्यायचा.

तेविसाव्या वर्षी एका दुपारी दाराची बेल वाजली. दार तिनं उघडलं. दारात लिफ्ट दुरुस्त करणारा एक गृहस्थ, बेचाळिशीचा, काळा शर्ट, काखेत ते कव्हर. पत्ता बाइंडरनं दिला होता; सही हवी होती. त्यानं काखेतल्या कव्हरकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे.

“काकू,” तो म्हणाला, “तुम्ही जिवंत आहात?”

“तुला काय वाटलं, पेन्शन घ्यायला भूत येतं?” ती म्हणाली. पण त्याच्या काखेतून कव्हर तिनं काढून घेतलंच. सांगाडा आतून धावत आला तेव्हा ती चष्मा लावून बघत होती.

लिफ्टवाला आनंदानं बोलत सुटला. एकोणीस वर्षांचा असताना त्यानं ती रेकॉर्ड नुसतं चित्र बघून घेतली होती. वाजवायला यंत्र नव्हतं. चार महिने तो फक्त त्या बाईकडे बघत होता आणि गाणं मनात ऐकत होता. “आई गेली होती ना माझी. कुणी रडू देत नव्हतं. मग एका दोस्ताकडे रेकॉर्ड लावली, आणि काकू, हुबेहूब तेच गाणं! अजून लावलं की तुम्ही दिसता. पाणी वर, तुम्ही खाली.”

ती ऐकत नव्हती. तिचं बोट उजव्या कोपऱ्यावर होतं.

“तीन तारीख,” ती म्हणाली.

“चुकली असेल,” सांगाडा म्हणाला.

“तुमची तारीख? कधी चुकलीय?” तिनं वर बघितलं. “तीन तारखेला माझी छातीतली नळी काढली. नऊ आठवड्यांनी मी स्वतः वेणी घातली. हात भरून आले, तीनदा थांबले, पण घातली. तुम्ही आलात तेव्हा मी बसलेली होते. वळून वेणी दाखवली तुम्हाला. ‘छान’ म्हणालात.”

त्यानं कव्हर घ्यायला हात पुढे केला. तिनं ते सोडलं नाही.

“आणि इथे येऊन केस मोकळे सोडलेत माझे.”

लिफ्टवाल्याला कुठे तोंड लपवू असं झालं. त्याच्याकडे वळून ती म्हणाली, “लाव बघू ते गाणं.” त्यानं मोबाइलवर लावलं. तिनं कव्हर खुर्चीवर पालथं टाकलं आणि उभ्यानं ऐकलं. ढोल ताडताड कोसळत होते, बाइंडर जिवाच्या आकांतानं ओरडत होता.

“अरे, यात रडतंय कोण?” ती म्हणाली. “हे तर भांडतायत!”

“नाही काकू, मला तर...”

“तू माझ्याकडे बघत ऐकतोस. आता तिथे भिंतीकडे बघ आणि ऐक.”

त्यानं भिंतीकडे बघितलं. कडवं संपेपर्यंत त्याचा चेहरा उतरत गेला. “भांडतायत,” तो हळूच म्हणाला. त्यानं मोबाइल बंद केला, कव्हर उचललं आणि सही न मागताच निघाला. जिन्यात त्याची पावलं बराच वेळ रेंगाळत होती.

दार लावून ती म्हणाली, “मी पण भांडत होते हो. तुम्ही घरी गेलात की मी खिडकीपर्यंत चालायचे. अकरा पावलं. नर्सला सांगितलं होतं, यांना सांगू नका, एकदम चालत जाऊन चकित करीन.”

“मी भ्यायलो होतो गं.”

“भ्यायला नव्हतात. मला उरकलं होतंत.”

तो रडला. तिनं पाणी दिलं, पाठीवरून हातही फिरवला. तशी ती वाईट नव्हतीच कधी. त्या विषयावर पुन्हा एक शब्द काढला नाही. कपाटातली प्रतही फाडली नाही.

पण दुपारी जेवणं उरकली की तिला खुर्चीत डुलकी लागते. सांगाडा शेजारच्या खोलीत असतो. हल्ली तो आत येताना चपला बाहेर काढतो, श्वास आवरतो, काही उपयोग होत नाही. उंबऱ्यात त्याचं पाऊल पडलं की ती दचकून ताठ बसते, दोन्ही हात केसांकडे नेते आणि म्हणते, “जागी आहे मी. जागी आहे.”